रिप पूर्ण होतं, एरर येत नाही, तरी गाण्यात टकटक

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. सीडी लावली, सॉफ्टवेअरने सगळे ट्रॅक दाखवले, रिप, म्हणजे सीडीवरची गाणी संगणकात फाइली म्हणून उतरवणं, शंभर टक्क्यांपर्यंत गेलं, एकही एरर आली नाही. फाइल ऐकायला घेतली तर मध्येच कुठेतरी 'टक्'. पुन्हा रिप केलं, तर तो आवाज तिथेच आहे, किंवा तिथून गेला आहे आणि दुसऱ्याच गाण्यात उगवला आहे. मग सॉफ्टवेअर बदललं जातं, बिटरेट वाढवला जातो, सीडी शर्टाच्या टोकाने पुसली जाते. त्यातलं काहीतरी लागू पडल्यासारखं वाटतं आणि चार सीडींनंतर तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

ती परत परत येते, कारण दोष कुठे आहे हे ठरवायच्या आधीच उपाय सुरू होतात. दोष सीडीत असू शकतो, ड्राइव्हमध्ये, ड्राइव्हला मिळणाऱ्या विजेत, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, किंवा नंतरच्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे आवाज एमपी३सारख्या फॉरमॅटमध्ये बदलताना. कानाला पाचही ठिकाणचा दोष जवळजवळ सारखाच लागतो. म्हणून इथे ऐकण्यापेक्षा ताडून बघणं जास्त कामाचं. पुन्हा बाजारात न येणारं रेकॉर्डिंग सीडीवर असेल तर एवढी मेहनत नक्कीच घ्यावी. टकटक असलेली फाइल 'चालतंय की' म्हणून ठेवली आणि सीडी देऊन टाकली, तर ती टकटक कायमची.

ड्राइव्ह गप्प का राहतो

आधी हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. ऑडिओ सीडीवर फाइली नसतात. विंडोजमध्ये सीडी उघडली की ट्रॅक०१.सीडीए अशी नावं दिसतात, पण त्यातली प्रत्येक फाइल फक्त ४४ बाइटची असते. ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. या फाइली हार्ड डिस्कवर कॉपी करून 'गाणी वाजत नाहीत' म्हणणारे अजूनही भेटतात. वाजणार नाहीतच, गाणं तिथे आलेलंच नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये एआयएफएफ फाइली दिसतात आणि लिनक्सच्या काही डेस्कटॉपवर वेव्ह फाइली. त्या कॉपी केल्या तर गाणं येतं खरं, पण ते नीट आलं का याचा कसलाही अहवाल मिळत नाही.

सीडीवर असतो तो एक सलग प्रवाह: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाची एकेका क्षणाची मोजमापं), १६ बिट, दोन चॅनेल. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या मानकात हा प्रवाह सेकंदाला ७५ सेक्टर अशा तुकड्यांत बसवला आहे. एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट, म्हणजे ५८८ स्टिरिओ सॅम्पल. आता डेटा सीडी घ्या. तिच्या नेहमीच्या सेक्टरमध्ये तेवढ्याच जागेत तुमची माहिती २,०४८ बाइट असते. उरलेल्या जागेत सेक्टरचा पत्ता आणि चूक शोधून दुरुस्त करण्याची जादा सोय असते. ऑडिओ सीडीत तो जादा थर नाही, सगळी जागा आवाजाला दिलेली आहे.

दुरुस्तीची एक पायरी दोन्हींत असते. तिला सीआयआरसी म्हणतात, आणि ती भलतीच समर्थ आहे. प्रवाहाच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा चरा पडला तरी ती मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळवते. पण नुकसान त्यापुढे गेलं की ड्राइव्ह काय करतो? डेटा सीडी असेल तर 'वाचता येत नाही' म्हणून एरर देतो. ऑडिओ सीडी असेल तर आजूबाजूची सॅम्पल बघून मधली अंदाजाने भरतो, आणि ती खरी असल्यासारखी संगणकाच्या हाती देतो. घरच्या सीडी प्लेअरसाठी ही सोय उत्तमच होती, गाणं थांबण्यापेक्षा थोडा अंदाज परवडतो. रिप करताना मात्र तीच सोय आपल्यापासून चूक लपवते. सॉफ्टवेअरला एरर कळतच नाही, मग ते दाखवणार कुठून?

पत्त्याची भानगड वेगळी. ऑडिओ सेक्टरमध्ये स्वतःचा पत्ता नसल्यामुळे ड्राइव्हला आवाजाशेजारी साठवलेल्या सबकोड नावाच्या माहितीवरून जागा ओळखावी लागते. जुने ड्राइव्ह वाचन थांबवून परत सुरू करताना काही सॅम्पल पुढे-मागे उतरायचे, आणि सांध्यावर टक् व्हायचं. अलीकडचे बहुतेक ड्राइव्ह या बाबतीत पक्के असतात. जुना ड्राइव्ह वापरत असाल तर ही शक्यता डोक्यात असू द्या.

पहिली चाचणी: दोनदा रिप करा, मग ताडून पाहा

ज्या ट्रॅकमध्ये टकटक आहे तो वेव्ह फॉरमॅटमध्ये रिप करा. ट्रे उघडा, सीडी काढून पुन्हा ठेवा, आणि तोच ट्रॅक दुसऱ्या नावाने रिप करा. सीडी काढण्याला महत्त्व आहे. ड्राइव्हच्या आत स्वतःची कॅश मेमरी असते, आणि लगेच पुन्हा मागितलं तर तो मघाचेच आकडे त्या कॅशमधून देऊ शकतो. मग आपल्याला वाटतं दुसऱ्यांदा वाचलं, प्रत्यक्षात लेझर सीडीकडे फिरकलेलाही नसतो.

आता दोन्ही फाइलींचा चेकसम काढा, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरून निघणारी छोटी खूण. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश आहे, लिनक्सवर शा२५६सम आहे. विंडोजवरचं रिप करायचं सॉफ्टवेअर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, वापरत असाल तर 'टेस्ट अँड कॉपी' हा पर्याय ट्रॅक दोनदा वाचतो आणि दोन्ही वेळचा सीआरसी (हाही चेकसमच) लॉगमध्ये लिहितो. फ्लॅक, म्हणजे आवाज जसाच्या तसा ठेवून लहान केलेल्या फाइली, अशा थेट ताडून बघू नका. त्यातले टॅग (गाण्याचं नाव वगैरे माहिती) वेगळे असले की चेकसमही वेगळा येतो, आवाज तोच असला तरी. फ्लॅकच्या हेडरमध्ये फक्त आवाजाचा एमडी५ चेकसम साठवलेला असतो, तो ताडा.

चेकसम जुळले नाहीत तर फरक कुठे आहे तो डोळ्यांनी बघता येतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइली एकाखाली एक उघडा. दुसरी निवडून 'इन्व्हर्ट' करा, मग दोन्ही एकत्र मिक्स करा. आवाज हुबेहूब एक असेल तर एकमेकांना खोडून सरळ आडवी रेघ उरते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. जिथे फरक आहे तिथे रेघेवर काटा उभा राहतो. त्या काट्याची वेळ टिपून घ्या आणि मूळ फाइलीत त्याच जागी सॅम्पल सुटे दिसेपर्यंत झूम करा. बासरी किंवा पियानो एकटा वाजत असेल तर वळसे घेत जाणारी रेषा मध्येच काही सॅम्पलपुरती काठीसारखी सरळ होते आणि पुढे पुन्हा वळसे घेऊ लागते. तो सरळ तुकडा म्हणजे ड्राइव्हने केलेला अंदाज. पण रेषा मध्येच तुटून वेगळ्याच उंचीवर सुरू होत असेल, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत दोन्ही फाइली जुळत नसतील, तर काही सॅम्पल गळली आहेत किंवा दोनदा आली आहेत. त्याचं कारण सीडीवरच्या चऱ्यापेक्षा वाचनातल्या अडथळ्यात सापडण्याची शक्यता जास्त.

एकदा हे दिसलं की निदान बरंचसं होतं. टक् प्रत्येक वेळी त्याच जागी, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्येही तिथेच: सीडी खराब. एका ड्राइव्हमध्ये टक्, दुसऱ्यात स्वच्छ: सीडी काठावर आहे आणि पहिल्या ड्राइव्हला ती झेपत नाही. जागा दर वेळी वेगळी, आणि चांगल्या सीडींमध्येही तेच: ड्राइव्ह, वेग, केबल किंवा वीज. वेव्ह स्वच्छ पण एमपी३मध्ये टक्: एन्कोडिंग. फाइल दुसऱ्या संगणकावर स्वच्छ वाजते आणि तुमच्याकडेच अडखळते: रिपमध्ये दोष नाही, प्लेअरचा बफर किंवा साउंड कार्डचा ड्रायव्हर बघा.

दोनदा केलेलं रिप जुळलं म्हणजे ते बरोबर आहे असं मात्र समजू नका. एकाच चऱ्यावर एकच ड्राइव्ह दोन्ही वेळा तोच अंदाज करू शकतो. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो.

ॲक्युरेटरिप आणि ऑफसेट

ॲक्युरेटरिप हा तो साक्षीदार. इतरांनी आपापल्या ड्राइव्हवर हीच सीडी रिप केली तेव्हा आलेले चेकसम त्यात जमा असतात. तुमचा चेकसम त्यांच्याशी जुळला की लॉगमध्ये 'ॲक्युरेटली रिप्ड' आणि शेजारी कॉन्फिडन्सचा आकडा येतो, म्हणजे तेवढ्या नोंदींशी जुळलं. वेगवेगळे ड्राइव्ह, वेगवेगळ्या चकत्या, तरी उत्तर एक. हा पुरावा 'मला तरी काही ऐकू आलं नाही' यापेक्षा कितीतरी मजबूत आहे. ईएसी, डीबीपॉवरॲम्प, क्यूरिपर, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर, सगळ्यांत ही सोय आहे.

इथे एक गैरसमज वारंवार होतो. सगळेच्या सगळे ट्रॅक जुळत नाहीत असं लॉग सांगतो, आणि माणूस सीडी घासायला बसतो. सीडी खराब असेल तर साधारणपणे एक-दोन ट्रॅक फसतात. सगळेच फसले असतील तर आधी ऑफसेट बघा. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक सॅम्पल आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो. कुणाचा ऑफसेट +६, कुणाचा +१०२, कुणाचा +६६७. ६६७ सॅम्पल म्हणजे सेकंदाचा साधारण ६६वा भाग, कानाला कळणारही नाही, पण चेकसम पार बदलतो. ॲक्युरेटरिपच्या यादीत असलेली एखादी प्रचलित सीडी लावली की ईएसी ऑफसेट स्वतःच ओळखतं, व्हिपरमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. एकदा बसवला की त्या ड्राइव्हसाठी तो कायम. ऑफसेट बरोबर असूनही सगळे ट्रॅक फसत असतील, तर तुमची सीडी वेगळ्या कारखान्यातल्या वेगळ्या छपाईची असू शकते. अशा वेळी क्यूटूल्स या रिप तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइली तपासा, ते सरकलेल्या ऑफसेटवरची जुळणीही दाखवतं.

आणि कॉन्फिडन्स चांगला आला, तरी टक् ऐकूच येत असेल तर? मग तो आवाज मूळ रेकॉर्डिंगमध्ये आहे. जुन्या टेपवरून किंवा तबकडीवरून सीडी बनवताना आलेला टक्, नाहीतर आवाज फार चढवून मास्टर केल्यामुळे आलेली करकर. तुमचं रिप बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

सेटिंग

'बर्स्ट' मोड एकदाच वाचतो आणि पुढे जातो. चांगल्या सीडीसाठी, ॲक्युरेटरिपची जुळणी मिळत असेल तर, तो पुरतो आणि वेळही वाचतो. शंका असलेल्या सीडीसाठी ईएसीचा 'सिक्युअर' मोडच हवा. तो प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचतो. दोन वाचनं जुळली नाहीत की १६ वेळा पुन्हा वाचतो, त्यातली ८ एकसारखी यावी लागतात. नाही आली तर आणखी १६, अशा जास्तीत जास्त पाच फेऱ्या. अगदी वाईट सेक्टर म्हणूनच ८२ वेळा वाचला जातो आणि एका गाण्याला अर्धा तास लागू शकतो. संगणक अडकला असं समजून मध्येच बंद करू नका. 'ट्रॅक क्वालिटी' ९९.८ टक्के दिसली म्हणूनही घाबरू नका, काही ठिकाणी पुन्हा वाचावं लागलं एवढाच त्याचा अर्थ. चिंता करायची ती 'सस्पिशस पोझिशन' अशी ओळ आली तर. तिच्यापुढे वेळ दिलेली असते, नेमकं तिथेच ऐका.

ईएसीमध्ये ड्राइव्ह कॅश करतो का, हा प्रश्न 'डिटेक्ट' बटणाने सोडवा. करतो असं निघालं तर ती खूण चालू ठेवा, नाहीतर सिक्युअर मोडची दोन वाचनं म्हणजे एकच वाचन दोनदा. सी२ एरर पॉइंटरचा पर्याय मी बंद ठेवायला सांगेन. ड्राइव्हने स्वतःहून चूक कळवायची ही सोय आहे, पण अनेक ड्राइव्ह ती अर्धवट कळवतात. तुमच्या ड्राइव्हचं सी२ भरवशाचं आहे अशी खात्री असेल, तर डीबीपॉवरॲम्प त्याचा चांगला उपयोग करतं.

लिनक्सवर सीडीपॅरानोया हे जुनं आणि अजूनही उत्तम साधन. आधी कॅपिटल ए हा पर्याय देऊन ड्राइव्हची तपासणी करून घ्या. कॅश नीट हाताळली जाते की नाही ते त्यात कळतं. रिप चालू असताना पट्टीवर उमटणारी चिन्हं बघत राहा. अधूनमधून उणेचं चिन्ह आलं तर बिघडत नाही, सांधा जुळवला गेला. उद्गारचिन्ह आलं तर त्या जागी आणखी दुरुस्ती करावी लागली. आणि इंग्रजी व्ही दिसला की तिथला तुकडा दुरुस्त होऊ शकला नाही, तो सोडून पुढे गेलं आहे. शेवटी सुखरूप संपल्यासारखं दिसलं तरी व्ही आलेला ट्रॅक खात्रीचा नाही.

मॅकच्या म्युझिक ॲपमध्ये इम्पोर्ट सेटिंगखाली 'एरर करेक्शन' नावाची खूण आहे, ती चालू करा. तपशीलवार अहवाल तिथे मिळत नाही, म्हणून सीडी संशयास्पद असेल तर एक्सएलडी वापरा. व्हीएलसी सीडी वाजवायला उत्तम, रिप करण्यासाठी नको. त्याचा कल सलग वाजवण्याकडे आहे, पडताळणीकडे नाही.

टकटक नेहमी शेवटच्याच गाण्यांत का?

हा प्रकार इतक्या वेळा दिसतो की त्याकडे वेगळं बघायला हवं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ आणि शेवटचं बाहेरच्या कडेजवळ. सगळ्या अडचणी त्या कडेलाच एकवटतात. बोटं तिथे लागतात. सीडी जराशी वाकडी असेल तर सगळ्यात जास्त हेलकावा तिथे बसतो. घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो जुना होताना पुष्कळदा कडेकडून बिघडायला लागतो. आणि वेग. संगणकाचे ड्राइव्ह पूर्ण वेगात सहसा ठरावीक फेऱ्यांनी फिरतात, ५२ पटीचा ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास. फेऱ्या तेवढ्याच, पण बाहेरचा घेर मोठा. त्यामुळे लेझरखालून सीडी सरकण्याचा वेग शेवटच्या गाण्यांपर्यंत अडीचपट होतो. आत जो बारीक चरा सहज पचला असता तोच बाहेर त्रास देतो.

म्हणून शेवटच्या गाण्यांत टकटक असेल तर पहिला उपाय वेग उतरवण्याचा. ईएसीमध्ये वेग निवडता येतो, सीडीपॅरानोयात कॅपिटल एस आणि पुढे आकडा. ८ पट घ्या, नाही जमलं तर ४. काही ड्राइव्ह फार कमी वेग मानतच नाहीत, तर काही मधल्याच एखाद्या वेगाला सर्वात चांगलं वाचतात. म्हणून दोन-तीन वेग करून बघा आणि प्रत्येक वेळी चेकसम ताडा. बाहेरचा ड्राइव्ह असेल तर तो सपाट, घट्ट जागेवर ठेवा. गादीवर, मांडीवर किंवा फिरत्या पंख्याच्या कॅबिनेटवर नको.

पुसण्याची दिशा

सीडी नेहमी मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून कधीच नाही. मागे अडीच मिलिमीटरचं सांगितलं, कारण तेच आहे. आवाजाची वाट गोल गोल जाते. मधून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक वेढ्याला क्षणभर छेदतो, आणि तेवढं सीआयआरसीला सहज भरून काढता येतं. गोल पुसताना पडलेला चरा त्या वाटेच्या सोबतीने धावतो आणि सलग नुकसान करतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरेसं आहे. थिनर किंवा पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक धुरकट होतं.

चकचकीत बाजूच्या चऱ्यांना लोक घाबरतात, आणि लेबलची बाजू बेफिकीर हाताळतात. खरा धोका उलटा आहे. सीडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड, त्यातली जवळजवळ सगळी जाडी खालच्या पारदर्शक प्लास्टिकची. आवाज साठवलेला चमकदार थर वर, लेबलच्या लगेच खाली, वर केवळ लाखेचा पातळ थर. खालचा चरा प्लास्टिकमध्येच राहतो आणि पॉलिश करून तो सुधारता येतो. वरच्या चऱ्याने आवाजच खरवडला जातो. सीडी दिव्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं आरपार दिसली तर तेवढा भाग गेला, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही.

बाहेरच्या ड्राइव्हची वीज

लॅपटॉपला जोडायचे पातळ यूएसबी ड्राइव्ह ट्रॅकची यादी बरोबर दाखवतात, रिप सुरू करतात, मग 'कट्-कट्' करून मध्येच गायब होतात आणि पुन्हा जोडले जातात. हे बघितलं की मी आधी केबल बदलायला सांगते. यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलिॲम्पिअर आणि ३.० ला ९०० देण्याचं बंधन आहे. सीडी गती घेताना आणि खराब जागी लेन्स धडपडताना ड्राइव्ह त्याहून जास्त मागू शकतो. लांब केबल, वीज नसलेला हब, कीबोर्डवरचा पोर्ट हे सगळं टाळा. संगणकाच्या मागच्या पोर्टला थेट जोडा, किंवा स्वतंत्र वीज असलेला हब घ्या. दोन टोकांची वाय केबल सोबत आली असेल तर दोन्ही टोकं लावा, दुसरं टोक शोभेला नसतं.

टक् नेमका दोन गाण्यांच्या सांध्यावर

मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळतं आणि तिथे टक् किंवा क्षणभर शांतता येते. रिपमध्ये दोष नाही, एमपी३मध्ये आहे. एमपी३ची चौकट १,१५२ सॅम्पलची. ट्रॅक त्या मापात बसला नाही की शेवटी शांतता भरली जाते, आणि एन्कोडर सुरुवातीलाही थोडी घालतो. लेम एन्कोडर किती शांतता घातली ते फाइलीत लिहून ठेवतो, पण प्लेअरने ते वाचून तेवढा भाग वगळायला हवा. फ्लॅकमध्ये हा प्रश्नच नाही, आणि जागाही साधारण वेव्हच्या अर्ध्या-पाऊण लागते. रिप फ्लॅकमध्ये ठेवा, फोनसाठी हवं तर त्यातूनच एमपी३ काढा. परत सीडी बर्न करणार असाल तर 'डिस्क ॲट वन्स' निवडा. 'ट्रॅक ॲट वन्स' मध्ये ट्रॅकच्या मधे दोन सेकंदांची फट पडते. फाइल कापली असेल तर तिची लांबी ५८८ सॅम्पलच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटचा सेक्टर शांततेने भरला जातो आणि तो ऐकू येतो.

आणखी काही

लिनक्सवर 'माउंट होत नाही' ही एरर ऑडिओ सीडीला येणारच, तिच्यावर फाइल सिस्टिम नसते. माउंट न करता थेट रिपर चालवा. तो ड्राइव्ह उघडू शकत नसेल तर तुमचं खातं सीडीरॉम गटात आहे का पाहा.

प्लेअरमध्ये वेळ पुढे सरकते, सीडी फिरते, पण आवाज शून्य: फार जुना प्लेअर आहे. पूर्वी ड्राइव्ह स्वतःच आवाज बनवून वेगळ्या तारेने साउंड कार्डला द्यायचा. ती तार आता नसते. डिजिटल वाचन करणारा प्लेअर घ्या.

सीडी लावल्यावर गाण्यांऐवजी चित्रं आणि प्रोग्रॅम दिसतात: तिच्यावर डेटाचं दुसरं सत्र आहे. रिपरमधून उघडलं की ऑडिओ ट्रॅक दिसतात.

गाण्यांची नावं येत नाहीत: बहुतेक सीडींवर नावं नसतातच, ट्रॅकच्या लांबीवरून ती इंटरनेटवर शोधली जातात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रीडीबीचा पत्ता असतो, आणि ती सेवा २०२० मध्ये बंद झाली. म्युझिकब्रेन्झ किंवा ग्नूडीबी निवडा. नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर टॅगचं एन्कोडिंग युनिकोड करा. फ्लॅकमध्ये ते मुळातच युनिकोड असतं.

सगळं करूनही एक ट्रॅक राहिला तर

दुसरा ड्राइव्ह मिळवा, शक्यतो वेगळ्या कंपनीचा आणि डेस्कटॉपचा पूर्ण आकाराचा. एका ड्राइव्हने हात टेकलेली सीडी दुसरा निमूट वाचतो, हे इतक्या वेळा घडतं की सीडी पॉलिश करायच्या आधी मी हेच करेन. तेही नाही जमलं तर सगळी सीडी, फसलेल्या ट्रॅकसकट, एकदा पूर्ण रिप करा आणि फाइली क्यूटूल्समध्ये 'रिपेअर' साठी द्या. त्याच्या डेटाबेसमध्ये नुसता चेकसम नसतो, दुरुस्तीसाठी लागणारी जादा माहितीही असते. तुमची सीडी तिथे नोंदलेली असेल आणि नुकसान मर्यादित असेल तर बिघडलेली सॅम्पल मूळ आकड्यांनी भरून मिळतात, अंदाजाने नाही. ऑफसेट आणि ट्रॅकची रचना जशीच्या तशी राहायला हवी, म्हणून त्याआधी फाइलींवर कापाकापी किंवा आवाज वाढवणं असलं काही करू नका.

तिथेही नोंद नसेल तर फाइल आहे तशी ठेवा, आणि रिपचा लॉग त्याच फोल्डरमध्ये राहू द्या. कुठल्या ट्रॅकमध्ये कुठल्या सेकंदाला शंका आहे ते त्यात लिहिलेलं असतं. पुढे चांगला ड्राइव्ह हाती आला की सगळी सीडी पुन्हा करायची गरज नाही, तेवढा एकच ट्रॅक करायचा.